मूळच्या कुठल्या तुम्ही?

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. शेजारच्या काकूंकडे आम्ही कॉलनीतल्या सगळ्या जमलो होतो. तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला आणि मग नेहमीप्रमाणे गप्पा रंगल्या. एकीने अंगातला स्वेटर दाखवला. "तिबेटी लोकांकडून घेतला. भाव मात्र एका रुपयाने कमी केला नाही हं त्यांनी!" झालं, विषय तिकडे वळला. काकू म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली येऊन बसलेत. आता म्हणे यांनाही मतदान पाहिजे. आणि ते बंगाली कॅम्पवाले? त्यांना तर सगळंच मिळालं. बाहेरून यायचं आणि आपल्या डोक्यावर बसायचं."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन, खोटं कशाला बोलू? हळदीकुंकवात वाद कोण घालतं!

पण पाचच मिनिटांनी, चहाचे कप गोळा करता करता त्याच काकू म्हणाल्या, "खरं सांगू का, हे मतदान-बितदान दहा वर्षं बंदच करून टाकायला पाहिजे. एक खमक्या माणूस बसवा वर, तोच सगळ्यांना सरळ करेल." या वेळी माना जरा जास्तच डोलल्या.

घरी येऊन साडीची घडी घालत होते, तरी ती दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. एकाच तोंडची, पाच मिनिटांच्या अंतराने आलेली. त्या दोघींचं आपसात काही नातं असेल का?

नातं आहे, असं अभ्यास करणारी माणसं सांगतात. जगभर एक मोठी पाहणी होते, 'जागतिक मूल्य सर्वेक्षण' नावाची. त्यात लोकांना विचारतात, शेजारी कोण नको? परदेशातून आलेला, दुसऱ्या वंशाचा, दुसरी भाषा बोलणारा? आणि त्याच प्रश्नावलीत पुढे विचारतात, संसद आणि निवडणुकांची पर्वा न करणारा खंबीर नेता असला तर बरं का? स्टीव्हन मिलर आणि निकोलस डेव्हिस या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी तिथल्या गोऱ्या लोकांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ज्यांना असे शेजारी नको होते, त्यांचाच कल खंबीर नेत्याकडे किंवा लष्कराच्या राज्याकडे जास्त दिसला. लोकशाही म्हणजे 'त्यांनाही' वाटा, असं एकदा मनात बसलं की माणूस वाटा द्यायचं टाळतो, आणि मग ताटच नको म्हणायला लागतो.

आपल्याकडचं म्हणाल, तर प्यू नावाच्या अमेरिकी संस्थेने २०२३ साली २४ देशांत विचारणा केली होती. संसद किंवा न्यायालयाची आडकाठी नसलेला खंबीर नेता चांगला, असं भारतात दर तिघांतल्या साधारण दोघांनी सांगितलं. लोकशाही चांगली असं म्हणणारेही आपल्याकडे बहुसंख्यच निघाले. म्हणजे दोन्ही हवं! काकू एकट्या नाहीत.

आता मुळात गोंदियात 'आपण' कोण आणि 'बाहेरचे' कोण, ते तरी पाहू. पोवार मंडळी अभिमानाने सांगतात, आम्ही माळव्यातल्या धारहून आलो. बिडीचा धंदा वाढवला तो गुजराती घराण्यांनी. ज्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि ज्यांच्या कॉलेजात आपल्यातल्या निम्म्या तरी शिकल्या असतील, ते गुजरातीच. फाळणीनंतर सिंधी आले, दुकानं थाटली. मारवाडी आहेत. रेल्वेमुळे बंगाली, तेलुगू, बिहारी आले. भातगिरणीवर छत्तीसगढी बोलणारी हमाल मंडळी आहेत. बाजारात उभं राहून डोळे मिटले तर पाच बोली कानावर पडतात. यात सगळ्यांत जुने म्हणावेत तर सालेकसा-देवरीच्या जंगलातले गोंड, आणि तेच बिचारे कधी कोणाला 'बाहेरचा' म्हणताना दिसत नाहीत.

आणि मी? माझं माहेर वारासिवनी, जिल्हा बालाघाट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, आणि गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं. त्या दिवशी रेघ ओढली गेली, भंडारा मुंबई राज्यात आलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. माझी आजी गोंदियाला बाजाराला यायची. तिच्या नातीने मात्र इथे लग्न करून यायचं ते परप्रांतातून! लग्नानंतर मतदार यादीत नाव घालायला गेले, तर एका कार्यालयात टेबलापलीकडच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" वारासिवनी म्हटल्यावर म्हणाले, "मग तिकडचं नाव कापल्याचा कागद आणा." तो कागद आणायला मला दोन निवडणुका लागल्या. नवऱ्याला मात्र आयुष्यात कोणी विचारलं नाही, मूळचे कुठले म्हणून.

हा काही माझा एकटीचा अनुभव नाही, मैत्रिणींनो. २०११ च्या जनगणनेत जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडून दुसरीकडे राहणारे सुमारे ४५ कोटी लोक मोजले गेले. त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त बायका होत्या! वीस कोटींहून जास्त जणींनी कारण सांगितलं, लग्न. आपण 'स्थलांतरित' म्हटलं की डोळ्यांसमोर गाठोडं घेतलेला मजूर आणतो. खरं तर या देशात सगळ्यांत जास्त स्थलांतर होतं ते मंगलाष्टकं संपल्यावर. सासरच्या गावात पहिली दहा वर्षं तरी आपण 'अमक्या गावची' म्हणूनच ओळखल्या जातो ना?

मिरची तोडायला आपल्या भागातल्या बाया तेलंगणात जातात. तिकडे त्या महाराष्ट्रवाल्या. २००८ साली मुंबई-पुण्याकडे उत्तर भारतीयांना मारहाण झाली, तेव्हा आमच्याकडे टीव्हीसमोर बसून "बरं झालं" म्हणणारे होते. त्यांचीच पोरं आज बंगळुरूला आणि हैदराबादला नोकरीला आहेत.

मागच्या वर्षी एका लग्नाला अर्जुनी मोरगावला गेले होते. तिथून एका ओळखीच्या बाईंबरोबर अरुणनगरला जाणं झालं. अरुणनगर, गौरनगर, संजयनगर ही ती 'बंगाली कॅम्प'ची गावं. आपण अजून कॅम्प म्हणतो, पण तिथे आता तिसरी पिढी धान लावते आहे. दारापुढे तुळस, अंगणात मासळीचं जाळं वाळत घातलेलं, आणि मराठी आपल्याइतकीच झाडीपट्टीची. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन आलेल्या या लोकांसाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. त्या काळात आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि आपल्या अर्जुनी मोरगावातही वसाहती झाल्या. आमच्यापुढे मुरमुऱ्याचा लाडू ठेवून एक आजी म्हणाल्या, "नातू नागपूरले शिकते. तिथं पोरं त्याले बांगलादेशी म्हणतेत. मी त्याले म्हणलं, सांग ना बाबू, बांगलादेश झाला तवा मी इथं रोवणी करत होती."

यातले अनेक जण नमशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालात हा समाज अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे काकू म्हणतात तसं 'सगळंच मिळालं' हेही खरं नाही. पण या समाजाची एक गोष्ट मला त्या दिवशी तिथे बसल्यावर आठवली आणि अंगावर काटा आला.

१९४६ साली संविधान सभेवर माणसं निवडायची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून, निवडून जाता आलं नाही. तेव्हा बंगालच्या विधिमंडळातून त्यांना पाठवण्यासाठी धडपडले ते जोगेंद्रनाथ मंडल, नमशूद्रांचे पुढारी. महूला जन्मलेला, मुंबईत राहणारा, बंगाली न बोलणारा हा माणूस बंगालने निवडून दिला. बाहेरचा! पुढे फाळणी झाली, बाबासाहेबांची ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. बाबासाहेब गेले पुढे संविधान लिहायला. ज्यांनी त्यांना पहिल्यांदा आत पाठवलं, त्यांची गावं मात्र पलीकडच्या देशात गेली. त्यांच्यातलेच काही हिंडत हिंडत शेवटी आपल्या जिल्ह्यात येऊन धान लावू लागले.

आणि आपण काय केलं? १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब स्वतः उभे होते. आपल्या आज्या-पणज्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना पाडलं. याच पोटनिवडणुकीत मुंबईचे समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले, म्हणजे बाहेरचा म्हणून पाडलं असंही म्हणायला जागा नाही. ते शल्य ज्याचं त्याने बाळगावं. मी एवढंच म्हणते, की 'बंगाली कॅम्पवाले' म्हणून नाक मुरडताना हा हिशेब आपल्याला माहीत असावा.

आता यादीची गोष्ट. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या प्रौढांची मतदार यादी या देशात पहिल्यांदाच करायची होती. लाखो निर्वासित छावण्यांत पडलेले. त्यांच्याकडे घर नाही, पत्ता नाही, कागद नाही. कोण नागरिक हे ठरवणारं संविधानही अजून लिहून व्हायचं होतं. तरी १९४८ मध्ये संविधान सभेच्या सचिवालयाने कळवलं, की इथेच कायम राहायचा आमचा इरादा आहे एवढं निर्वासिताने लिहून दिलं, तरी त्याचं नाव यादीत घ्या. पुरावे नंतर पाहू. देश नुकता रक्ताने न्हाला होता, संशयाला तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कारण होतं. आणि तरीही!

त्याच पहिल्या यादीतून नावं कोणाची गेली, ठाऊक आहे? बायकांची. यादी करणारे दारात आले की बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही, बाईला स्वतःचं नाव आहे, तेच लिहा. ज्यांनी सांगितलं नाही अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं पहिल्या निवडणुकीआधी काढावी लागली. बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या पट्ट्यात जास्त. निर्वासित यादीत राहिला आणि घरची लक्ष्मी बाहेर. सेन यांच्यावर मला राग नाही, उलट कौतुकच आहे. त्यांच्या हट्टामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगायला शिकल्या.

तिबेटींचं काय, असं काकू विचारतील. गोठणगावजवळ, इटियाडोहच्या बाजूला नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासूनची. प्रतापगडच्या जत्रेला जाता-येता आपण त्यांच्या रंगीत पताका पाहतो, हिवाळ्यात स्वेटर घेतो, त्यापलीकडे विचारपूस नाही. ते इथे परदेशी म्हणून नोंदलेले, राहण्याचा परवाना वेळोवेळी नवा करून घेतात. परदेशी माणसाला भारतात मत नाही, हा कायदा आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण कायद्याने असंही म्हटलंय, की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्माने भारतीय. आईबाप कोण हे न विचारता. १९८६ साली कांगड्यात जन्मलेली एक तिबेटी तरुणी पासपोर्टसाठी यावर भांडली आणि डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने कळवलं, की या काळात जन्मलेल्या तिबेटींची नावं यादीत घ्या. काहींनी घातली. काहींनी नाही घातली, आम्हाला एक दिवस परत जायचंय म्हणून. म्हणजे काकूंना वाटतं तसं कोणी मतासाठी रांग लावून बसलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले आणि २ सप्टेंबर १९६० ला त्यांच्या निर्वासितांच्या पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. दरवर्षी हा दिवस ते लोकशाही दिन म्हणून पाळतात. देश गेला, जमीन गेली, आणि दीड वर्षाच्या आत मतपेटी! ज्याला देव मानतात तोच माणूस सांगत होता की माझ्यावर सगळं सोपवू नका, माणसं निवडा. २००१ पासून ते आपला प्रमुख थेट मतदानाने निवडतात, आणि २०११ मध्ये दलाई लामांनी उरलेसुरले राजकीय अधिकारही सोडले. गोठणगावच्या वसाहतीतली बाई स्वेटर विकून घरी येते आणि त्या निवडणुकीत मत देते. खमक्या माणूस त्यांच्याकडे आयता होता, तोही देवासारखा. त्यांनी त्याच्याकडून मतपत्रिका घेतली. आपल्याकडे मतपत्रिका आयती आहे.

याचा अर्थ काकूंची तक्रार सगळी खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. याद्यांत बोगस नावं असतात, आपण सगळ्यांनी मेलेल्या माणसाचं नाव वाचलंय. जंगलाच्या जमिनीवरून, नोकऱ्यांवरून खरे वाद आहेत. देशात कोणी यावं, कोणी नाही, हे ठरवायचा हक्क देशाला आहेच, आणि सीमा नसलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही. पण ठरवायचं कसं? कागद दाखवायला वेळ देऊन, म्हणणं ऐकून, चुकलं तर दाद मागायला जागा ठेवून? की "हे बाहेरचे" म्हणून ओळीच्या ओळी खोडून? पहिल्या रस्त्याला वेळ लागतो, कंटाळा येतो. खमक्या माणूस आवडतो तो या कंटाळ्यातूनच. आणि खोडरबर एकदा हातात आलं की ते सगळ्यांत आधी कोणाच्या नावावरून फिरतं, ते मी २०२५ च्या नोव्हेंबरात घरात बसून पाहिलं.

त्या वर्षी मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. आधी बिहारात. तिथे ऑगस्टच्या कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मग आणखी बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, त्यात आपले दोन्ही शेजारी, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. महाराष्ट्राचा नंबर तेव्हा लागलेला नव्हता, म्हणून आम्ही निवांत. एका रात्री माझ्या पुतणीचा फोन आला, कटंगीहून. "मोठी आई, बाबांचं नाव जुन्या यादीत कुठे आहे ते पाहा ना. इथे मागतायत."

पुतणी दिली ती बालाघाट जिल्ह्यात, २०१० साली. मध्य प्रदेशची जुनी यादी २००३ ची, तेव्हा ती शाळेत होती, इथे गोंदियात. म्हणजे तिला आईबापाचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत दाखवायचं. माझे दीर जाऊन आठ वर्षं झाली. जावेला त्यांच्या वॉर्डाचा नंबर कुठला आठवणार? तीन संध्याकाळी मी आणि माझा मुलगा मोबाइलवर ती यादी पाहत बसलो. सापडले एकदाचे, पण आडनावात एक काना जास्त आणि वय पाच वर्षांनी कमी. पुतणी फोनवर रडायलाच आली, "हे माझे बाबा नाहीत म्हणाले तर?" तिकडच्या बीएलओ म्हणजे एक अंगणवाडीताई होत्या, समजूतदार निघाल्या, फॉर्म घेतला. तिच्या नवऱ्याचा फॉर्म पाच मिनिटांत झाला होता. त्याचं गाव तेच, बापाचं गाव तेच, यादी तीच.

हळदीकुंकवानंतर चार-पाच दिवसांनी काकूंकडे डबा परत द्यायला गेले होते. (त्यांनी वाणाचे डबे मोजले, एक जास्त माझ्याकडे आला होता!) बोलता बोलता त्यांना हे सगळं सांगितलं. बंगाली आजींचंही सांगितलं. काकूंनी मध्येच टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांचं माहेर डोंगरगढ, हे मला माहीत होतं. लग्न सत्त्याहत्तर सालचं.

"आपल्याकडे असं मागितलं तर?" म्हणाल्या आणि उठून कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. पलंगावर सगळे कागद मांडले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आडनाव हिंदी पद्धतीने. रेशनकार्डावर सासरचं, जे लग्नात बदललेलं. मतदार कार्डावर तिसरंच काहीतरी, टाइप करणाऱ्याने केलेलं. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन.

काकू बराच वेळ ते कागद उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "या तिन्ही मीच आहे, हे आता कोणाले सांगू?"

सोमवारी सकाळी अकराला आम्ही दोघी तहसीलला जायचं ठरवलंय. पिशवी मी माझ्याकडे घेऊन आले, झेरॉक्स काढायला.